कुमरेभाऊंचा नेम

वाघ धरायला निघालेला माणूस आधी मिशा विंचरतो, हे मी चंद्रपूरला बदलून आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. जीप जंगलाच्या कडेला उभी होती. मागच्या सीटवर मी बेशुद्धीचं औषध सुईत भरत होते आणि पुढे बसलेले वनपाल देवराव कुमरे, बंदूक मांडीवर आडवी ठेवून, गाडीच्या बाहेरच्या आरशात वाकून पाहत होते. खिशातून छोटा कंगवा काढला, उजवी मिशी, डावी मिशी, पुन्हा उजवी. मी बघतेय हे कळल्यावर ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

"डॉक्टरबाई, त्याच्यासमोर जाऊन राह्यलो. असाच जाऊ का गबाळ्यावानी?"

मी अमरावतीकडची, पशुवैद्यक. गाई-म्हशी, फार तर एखादा कोल्हा, एवढाच माझा अनुभव. वनखात्याच्या बचाव पथकात आले तेव्हा मला सांगण्यात आलं की औषध किती घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं आणि ते वाघाच्या अंगात पोचवायचं कुमरेंनी. बिबट्या घरात शिरला, वाघ विहिरीत पडला, कुणाच्या गळ्यात डुकरासाठी लावलेला तारेचा फास रुतला, की आम्ही दोघं निघायचो. आमची बंदूक गोळीची नव्हे. हवेच्या दाबावर ती औषधाची सुई फेकते. सुईच्या शेपटाला लाल गोंडा असतो, तो वाऱ्यात सुई सरळ ठेवतो. पण सुई जड, वाटेत एखादं पान आडवं आलं तरी ती भलतीकडे जाते. म्हणून जवळ जावं लागतं, आणि मारायचं ते मांडीच्या जाड मांसात. पोटात बसली तर जनावर हातचं गेलं.

कुमरेभाऊ तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, पण ते कुणाला मान्य नव्हतं, त्यांना स्वतःला तर नव्हतंच. केस काळे कुळकुळीत, महिन्याच्या महिन्याला रंगवलेले. गणवेशाला कमलबाई, म्हणजे त्यांची बायको, घरी कांजी करून इस्त्री करायच्या. दिवसभर झुडपांतून सरपटूनही त्या पॅन्टची घडी मोडत नसे. अंगाला हिन्याचं अत्तर मात्र कामाच्या दिवशी लावत नसत. "त्याले माहीत पडते," म्हणायचे. 'तो' म्हणजे वाघ. त्याचं नाव ते कामावर असताना कधी घेत नसत.

त्यांचं गाव वडशाजवळचं. त्या बाजूला थंडी पडली की नाटकांचे मंडप उभे राहतात आणि धान निघालेल्या गावागावांतून लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर करून नाटकाला जातात. कुमरेभाऊ वर्षभराची रजा जपून ठेवायचे ती या झाडीपट्टीच्या नाटकांसाठी. त्यांत ते काम करायचे, बहुधा फौजदाराचं, नाही तर गावाला छळणाऱ्या पाटलाचं. मरायचे प्रसंग त्यांना फार आवडत. एका नाटकात ते इतका वेळ मरत राहिले की समोरच्या नटानं कानात सांगितलं, "भाऊ, आता मरा बापा, मले बोलायचं हाय."

या नाटकाचा आम्हाला कामात फार उपयोग व्हायचा. बिबट्या घरात अडकला की अख्खा गाव आणि आजूबाजूचे चार गाव तिथे लोटायचे. छपरावर माणसं, झाडावर माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पोलिसांचं कुणी ऐकायचं नाही. कुमरेभाऊ बैलगाडीच्या दांड्यावर चढायचे, एक हात उंच करायचे आणि लाउडस्पीकरशिवाय शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मायबाप हो! आत जे बसलं हाय त्याले तुमच्यापेक्षा जास्त भेव वाटून राह्यलं!" मग गर्दीत कुणीतरी ओरडायचं, "अबे, हा तं नाटकातला फौजदार होय!" आणि लोक हसत हसत मागे सरकायचे. तो आवाज बंदूक हातात घेतली की असा काही बंद व्हायचा की पुढचा तासभर माणूस खाणाखुणांवर.

त्यांच्या नेमाबद्दल खात्यात बरंच बोललं जायचं. आमच्या बंदुकीबरोबर एक दुर्बीण आली होती, नळीवर बसवायची. ती लावली की लांबचं जवळ दिसतं, मधोमध फुली दिसते, फुली मांडीवर ठेवायची आणि चाप ओढायचा. इतर विभागांतले नेमबाज तीच वापरत. कुमरेभाऊंनी ती पहिल्याच दिवशी काढली, कमलबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि कपाटात टाकली. ते डोळ्याजवळची लोखंडी खाच आणि नळीच्या टोकावरचा दाणा एका रेषेत आणून नेम धरत. त्या दाण्याला ते 'माशी' म्हणत. आणि नेम धरताना एक डोळा मिटत नसत.

"दुर्बिणीत तो दिसते," मला त्यांनी सांगितलं होतं. "मोठा दिसते, झकास दिसते. पन त्याच्या बाजूचं काहीच नाई दिसत. आपुन त्याले एकट्याले थोडंच मारून राह्यलो? त्याच्या बाजूले झाड हाय, नाला हाय, कोनाचं वासरू हाय. दोन्ही डोये उघडे पायजे."

मला तेव्हा ते जुन्या माणसाचं आडमुठेपण वाटलं. मग राजुऱ्याकडचा तो प्रसंग झाला.

तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीची पानं तोडायचा, हंगाम होता. एका तरुण वाघाच्या गळ्यात तारेचा फास रुतला होता, जखम सडत चालली होती. सकाळपासून माग काढून आम्ही त्याला एका नाल्याच्या काठी गाठलं. तो पाठमोरा उभा होता, मांडी मोकळी, मध्ये एक पान आडवं नाही. कुमरेभाऊंनी बंदूक खांद्याला लावली. मी श्वास धरला. सोबत आलेल्या आमच्या साहेबांनी श्वास धरला. काही झालंच नाही. कुमरेभाऊंनी बंदूक हळूच खाली घेतली आणि मांडीवर ठेवून दिली. वाघानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि झुडपात निघून गेला.

साहेब फार संतापले. "कुमरे, एवढी संधी! काय झालं?"

"दुसऱ्या डोयानं नाई म्हटलं, साहेब."

वाघ जिथे उभा होता त्याच्या पुढे, ऐनाच्या झाडाखाली, हिरवं लुगडं नेसलेली एक बाई पानांच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसली होती. दगड झाली होती. तेंदूच्या हिरव्या पानांत हिरवं लुगडं, आम्हा कुणालाच ती दिसली नव्हती. सुई टोचली की वाघ पुढे झेप घेतो, आणि पुढे ती होती. आम्ही जाऊन उठवलं तेव्हा तिला आधी बोलता येईना. मग जे बोलायला लागली ते कुमरेभाऊंना शिव्या देतच. "इतका वेळ काय पाहून राह्यले होते जी? मी तिथी मरून राह्यली अन् तुमी बंदूक घेऊन बसले!" कुमरेभाऊ मान खाली घालून, हात जोडून उभे. परतीच्या वाटेवर मात्र त्यांना इतकं हसू आलं की ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागली. त्या वाघाला आम्ही दुसऱ्या दिवशी बेशुद्ध केलं आणि तार काढली.

त्यानंतर त्या दुर्बिणीचा विषय खात्यात कुणी काढला नाही. काही वर्षं.

एकदा कामासाठी मी वडशाला गेले होते. नाटक कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची तालीम चालली होती, म्हणून सहज डोकावले. कुमरेभाऊ फौजदार होते. नायिकेच्या बापावर लाकडी बंदूक रोखून उभे, एक डोळा गच्च मिटलेला, तोंड वाकडं. मी नंतर चिडवलं, "भाऊ, इथे बरा एक डोळा मिटता?" तर म्हणाले, "बाई, इथी वाघ नाई, लोकं हायेत. मी नेम धरून राह्यलो हे त्याईले कळलं पायजे न." पण मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. संहितेचे कागद त्यांनी स्वतः हातात घेतलेच नाहीत. कंपनीतला एक जण वाचायचा, ते ऐकायचे आणि एकदा ऐकलं की पानच्या पान म्हणून दाखवायचे. चहा प्यायला बसलो तेव्हा मुलीच्या सासरहून आलेली लग्नपत्रिका त्यांनी मला दिली, "वाचा बरं बाई, तारीख काय हाय." पत्रिका त्यांनी आधी हात लांब करून पाहिली होती, मग जवळ आणून.

मी म्हटलं, "भाऊ, डोळे दाखवून या."

"डोये? डोयाले काय झालं?" ते म्हणाले. "उजेड नाई इथी."

बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढे एकदा जीपमधून उतरताना त्यांच्या मोज्यातून चष्मा पडला. राजुऱ्याच्या बाजारात रस्त्यावर मिळतो तसला, वाचायचा, तयार. त्यांनी झटकन उचलला आणि पुन्हा मोज्यात घातला. फौजदाराला चष्मा चालत नाही, एवढंच म्हणाले. चष्मा लावला की माशी स्पष्ट दिसते पण वाघ पुसट होतो आणि काढला की दोन्ही पुसट, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

वनखात्याच्या लाकूड-आगारातल्या मैदानावर आमचा सराव चालायचा. खुंटीला सागाचं मोठं पान लावायचं आणि त्यावर सुई मारायची. कुमरेभाऊंची सुई पानाच्या देठाजवळ बसायची, मग पानाच्या कडेला बसायला लागली, मग पानाबाहेर जायला लागली. ते वाऱ्याला दोष द्यायचे. मग बंदुकीतली हवा धरणाऱ्या रबराला. मग एक दिवस कशालाच दोष दिला नाही. बंदूक पुसली, कपाटाशी गेले, लुगड्याचा तुकडा सोडला आणि दुर्बीण बाहेर काढली.

नवे साहेब आले होते तेव्हा. तरुण, समजूतदार माणूस. त्यांनी कुमरेभाऊंना एकट्यात बोलावून सांगितलं होतं की दुर्बीण लावा, नाही तर दुसरा माणूस तयार करू, तुमचा मान कुठेही कमी होणार नाही. त्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण दुसरा माणूस म्हणजे काय, हे कुमरेभाऊंना कळत होतं. बंदूक गेली की ते कोण उरणार होते? बांबूच्या गाड्या मोजणारे एक वनपाल.

दुर्बीण लावून त्यांनी पहिली सुई मारली ती थेट देठावर. दुसरी तिच्याशेजारी. त्या दिवशी त्यांनी सगळ्या पथकाला जिलबी आणली. काही दिवसांनी आम्ही एका वाघाला फक्त पाहायला, त्याच्या पायाला इजा आहे का ते बघायला गेलो होतो. कुमरेभाऊ दुर्बिणीला डोळा लावून बसले ते हलेचनात. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बाई, त्याच्या मिशा दिसून राह्यल्या. एकेक. इतके वर्सं झाले, मी त्याले असं पाह्यलोच नवतो." लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, सुटलं एकदाचं.

त्या वर्षी पाऊस लांबला, धान कापायला आलं तरी बोड्या तुडुंब होत्या. इकडे शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायला माती टाकून लहान तळं करतात, त्याला बोडी म्हणतात आणि तिच्या मातीच्या उंच कडेला पाळ. एका गावाच्या शिवारात एका वाघिणीनं दोन माणसं मारली. दुसरा माणूस झाडूसाठी सिंदीची पानं तोडायला गेलेला होता. त्याची बायको सिंधुबाई. लोकांनी रस्ता अडवला, वनखात्याच्या गाडीच्या काचा फोडल्या. वाघिणीला जिवंत धरायचा हुकूम आला. कुमरेभाऊ त्या गावात जाऊन मंदिराच्या ओट्यावर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागले, पण या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "फौजदारसाहेब, नाटक नका करू." ते खाली उतरले.

वाघीण बोडीच्या पाळीवरच्या झुडपांत बसायची हे आम्हाला ठाऊक होतं. पाणी जवळ आहे हेही ठाऊक होतं. बेशुद्धीचं औषध भिनायला लागलं की जनावराला काही कळत नाही, ते पाण्यात गेलं तर बुडून मरतं. म्हणून आदल्या दिवशी आम्ही जागा पायी फिरून पाहिली आणि ठरवलं की ती पाळीच्या जंगलाकडच्या अंगाला असेल तरच सुई मारायची. हे ठरवलं ते कुमरेभाऊंनीच. काडीनं जमिनीवर नकाशा काढून त्यांनी सगळ्यांना समजावलं होतं.

सकाळी ऊन वर आल्यावर ती झुडपातून निघाली. कुमरेभाऊ पुढच्या गाडीत होते, मी मागच्या गाडीत, औषधं आणि जाळी घेऊन, एका बांधाच्या आड. मला ती दिसत नव्हती. कुमरेभाऊंना ती दुर्बिणीत दिसत होती. ती पाळीवरून चालायला लागली, मध्ये गवत, मग झुडूप, मग पुन्हा गवत. ते तिला दुर्बिणीतून धरून तिच्याबरोबर बंदूक फिरवत राहिले. मांडी मोकळी मिळेना. ती चालत राहिली, बंदूक फिरत राहिली. मग ती थांबली. मांडी समोर आली, फुली तिच्यावर बसली. त्यांनी चाप ओढला. सुई जिथे बसायला हवी तिथेच बसली. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला नेम असेल.

पण चालता चालता ती पाळीच्या कोपऱ्यावरून वळली होती. जिथे उभी राहिली ती बाजू पाण्याची होती.

कुमरेभाऊंनी दुर्बिणीतून डोळा काढला आणि मग त्यांना बोडी दिसली. आमच्या वायरलेसवर त्यांचा आवाज आला, नुसतं "पानी, पानी." आम्ही गाडी काढली तोवर वाघीण उताराने खाली गेली होती. औषधानं अंगाची आग होते, तिला पाणीच हवं होतं. ती कडेला पाण्यात बसली, मग मान लटपटली, मग तोंड पाण्यात गेलं.

मी पाळीवर पोचले तेव्हा कुमरेभाऊ पाण्यात होते. बंदूक पाळीवर टाकलेली, बूट पायात तसेच. वाघीण अर्धवट शुद्धीत होती, तिनं एक पंजा मारला असता तर तिथेच संपलं असतं. त्यांनी तिच्या जबड्याखाली दोन्ही हात घातले होते आणि तिचं डोकं आपल्या छातीला टेकवून पाण्यावर धरलं होतं. पाणी त्यांच्या कमरेच्या वर आलं होतं. ते तिच्याशी काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही.

जाळी टाकून सगळ्यांनी मिळून तिला बाहेर ओढलं. मी छाती दाबली, घशात नळी घातली, शुद्धीवर आणायचं औषध दिलं. तिनं थोडा वेळ श्वास घेतला. मग तोही थांबला.

गावातले लोक एव्हाना शेतांतून धावत आले होते. वाघीण मेली हे कळल्यावर कुणीतरी ओरडलं, कुणी डफडं आणायला पळालं. ज्या गावानं आपली दोन माणसं चितेवर ठेवली होती त्या गावाला रड म्हणायचा आम्हाला काय अधिकार? लोक कुमरेभाऊंना खांद्यावर घ्यायला आले. ते पाळीवर बसले होते, कपडे ठिबकत होते, दात वाजत होते. त्यांनी हातानं नको नको म्हटलं.

मग सिंधुबाई आली. तिनं लोकांना बाजूला केलं. हातात जुना दुपट्टा होता, तो तिनं त्यांच्या खांद्यावर टाकला.

"भाऊ, थरथरून राह्यले. पुसा अंग."

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "मी तिले मारायले नवतो आलो."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याले बी मारावं मनून कोनी धाडलं नवतं जंगलात."

ती त्यांच्याशेजारी पाळीवर बसली. दोघंही एकमेकांकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले. डफडं आलं होतं, पण त्या दोघांना बसलेलं पाहून वाजवणाऱ्यानं ते खाली ठेवलं.

चौकशी झाली. कुमरेभाऊंनी काहीही लपवलं नाही. वरिष्ठांनी विचारलं की जागा आधी पाहिली होती, नकाशा तुम्हीच काढला होता, मग असं कसं झालं? ते म्हणाले, "दुर्बिणीत बोडी नवती, साहेब." पुन्हा विचारलं तरी तेवढंच. अपघात म्हणून प्रकरण मिटलं, कुणावर ठपका आला नाही. तो आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

त्यांनी बंदूक परत केली आणि बदली मागून घेतली. भामरागडच्या अलीकडच्या एका नाक्यावर. ज्या कामाला ते एवढे भ्यायले होते तेच, बांबूच्या गाड्या मोजण्याचं. पावसाळ्यात तिकडचे रस्ते नद्यांखाली जातात, आठवडा आठवडा माणूस फिरकत नाही. त्या हिवाळ्यात नाटक कंपनीचा मालक त्यांना न्यायला तिथवर गेला होता. "भाऊ, बंदुकीचा पार्ट नको तर बापाचा करा," म्हणाला. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. मी एकदा त्या वाटेनं गेले तेव्हा त्यांच्या केसांचा रंग उतरला होता. डोकं पांढरं शुभ्र. मिशाही. त्यांनी चौकशी केली ती फक्त माझ्या आईच्या तब्येतीची आणि नव्या नेमबाजाचं कसं चाललंय याची. "चांगला पोरगा हाय," म्हणाले. "त्याले सांगा..." आणि नाक्याशी आलेली बांबूची गाडी पाहायला उठले.

यंदा वडशाच्या बाजूला हत्तींचा कळप उतरला आणि धानाची नासाडी पाहायला आम्हाला जावं लागलं. कुमरेभाऊ निवृत्त होऊन गावी राहत होते, म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. अंगणात बाज टाकलेली. भाऊ काळा चष्मा लावून बसलेले. कमलबाई म्हणाल्या, "बसा बाई. मोतिबिंदूचं आपरेशन झालं त्याईचं. दोन्ही डोयाचं. पयले एक, मंग दुसरा."

कुमरेभाऊ हसले. पण ते नाटकातलं हसणं नव्हतं.

"डॉक्टर मले विचारे, काका, किती वर्सं झाले असे डोये घेऊन फिरून राह्यले? म्हने पिकून गेले होते. मी म्हटलं, म्हातारपन समजलो मी."

"पण भाऊ, खात्यात दर वर्षी डोळे तपासत होते ना?"

"तपासत होते." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "भिंतीवर तक्ता राहे, बाई. वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक. दर वर्षी तोच तक्ता. लाइनीत माझ्या समोरचे दहा जन वाचत. मी नाटकातला मानूस. एकदा कानावर पडलं का पाठ. खालची ओळ मी अशी म्हनून दाखवो का डॉक्टर म्हने, कुमरे, नजर झकास हाय."

कमलबाई आत निघून गेल्या. त्यांनी हे आधी ऐकलेलं असावं.

कुमरेभाऊंनी उजवा हात लांब केला आणि अंगठा उभा धरला. शेतापलीकडे पळसाचं झाड होतं, त्याच्या रोखानं. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"अंगठा दिसून राह्यला," ते म्हणाले. "थोडासा पुसट, पन दिसून राह्यला. अन् पयस बी दिसून राह्यला. फांदीवर पाखरू बसलं हाय ते बी."

हात हळूहळू खाली आला.

"मी किती मोठमोठ्या गोष्टी करो, बाई. माशी बरी का दुर्बीण बरी. साहेबाईले सांगो, तुमाले सांगो. तसं काईच नवतं. डोयाले जाळं होतं, बस. अर्ध्या घंट्याचं काम होतं ते. दुपारी जेवाले घरी आलो मी. ती आज असती. कोन्यातरी पिंजऱ्यात असती, पन असती."

औषध मीच भरलेलं, छाती मीच दाबलेली. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी त्या झुडपांतून कुणालाही..."

"नाई," त्यांनी मला थांबवलं. "तसं नका म्हनू. तसं सगळेच म्हनते."

जीपचा हॉर्न वाजला. मी उठले. कमलबाई थेंबांची बाटली घेऊन बाहेर आल्या होत्या. "चला, टाइम झाला," म्हणाल्या. कुमरेभाऊ आज्ञाधारकपणे बाजेवर उताणे झाले. कमलबाईंनी एका हातानं त्यांची पापणी वर धरली.

"हालू नका."

"नाई हालत."

जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलं. त्या अजून वाकलेल्या होत्या, आणि ते हनुवटी वर करून, हात छातीवर ठेवून, जरासुद्धा न हलता आभाळाकडे बघत होते.